त्याच्या मळ्यात काय पिकायचं

मी पाळक म्हणून वऱ्हाडात गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि शिकायचं ते सगळं शिकून झालं आहे असा माझा पक्का समज होता. जन्म नगरकडचा, तीन वर्षं सेमिनरीत काढलेली, लग्नाला पुरते सहा महिनेही झाले नव्हते. वाशीमच्या बाजूला एका बाजाराच्या गावी आमच्या मिशनचं लहानसं ठाणं होतं. एक दवाखाना, मुलींचं बोर्डिंग, पत्र्याच्या छपराचं चर्च, आणि चर्चच्या मागे एकरभर पडीक जागा. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती.

मंडळी म्हणजे चौदा घरं. बहुतेक मोठी माणसं मोठ्या दुष्काळात मिशनने सांभाळलेली पोरकी मुलं. ती अनाथाश्रमात वाढली, तिथेच लिहायला-वाचायला शिकली, तिथेच एकमेकांशी त्यांची लग्नं झाली. आता कोणी शिक्षक होतं, कोणी सुईण, कोणी चौकीदार. गावाच्या चारही बाजूंना कापूस, ज्वारी आणि तूर उभी असे, पण आमच्या चौदा घरांपैकी एकाही घरात खुरपं नव्हतं. भाजी बाजारातून यायची.

या मंडळीत दोन माणसं मुख्य. एक कंपौंडर. दवाखान्यात औषधं तयार करणारे, पन्नाशीचे, इस्त्रीचा कोट घालणारे, चर्चचे पंच. शास्त्र त्यांना माझ्याहून जास्त पाठ होतं. दुसरी बोर्डिंगमध्ये स्वयंपाक करणारी मावशी. चाळीस पोरींच्या भाकरी थापून तिचे तळहात रुंद झाले होते. तिला वाचता येत नव्हतं. अनाथाश्रमात तिला तीनदा अक्षरं शिकवली आणि तीनही वेळा ती विसरली, असं ती स्वतःच हसत सांगायची.

माझ्याजवळ एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, शिकत असताना रद्दीच्या दुकानात मिळालेलं. त्यात जुन्या काळच्या संतांची चरित्रं होती. आम्ही काही संतांची नावं घेऊन प्रार्थना करणारे नव्हे, पण त्यातल्या एका संताची गोष्ट मला फार आवडायची. पहिल्याच पावसाळ्याच्या शेवटी, एका रविवारी, मी तिच्यावर उपदेश केला.

गोष्ट थोडक्यात अशी. समुद्राकाठच्या एका शहराच्या वेशीबाहेर एक ख्रिस्ती माळी राहत होता. मळा पिकवायचा, स्वतःपुरतं ठेवायचा आणि बाकीचं वाटसरूंना नि गरिबांना वाटायचा. वेशीतून जाणाऱ्या कोणालाही त्याचं दार उघडं असे. त्या काळी बादशहाने ख्रिस्ती लोकांना मारायचा हुकूम काढला, आणि या माळ्याचं नाव यादीत आलं. त्याला मारायला शिपाई निघाले. संध्याकाळी ते त्याच्याच दाराशी आले, पण हाच तो माणूस हे त्यांना ठाऊक नव्हतं. माळ्याने त्यांना जेवू घातलं, झोपायला जागा दिली. जेवताना त्यांनी सांगितलं, आम्ही अमक्याला शोधतोय. माळी म्हणाला, मी त्याला ओळखतो, सकाळी दाखवतो. ते झोपल्यावर त्याने आपल्याच मळ्यात आपली कबर खणली. सकाळी म्हणाला, मीच तो. शिपायांचे हात उठेनात. त्यानेच त्यांची समजूत घातली, तेव्हा त्यांनी त्याला मारलं आणि त्याच कबरीत पुरलं.

उपदेशात मी तीन मुद्दे काढले होते. विश्वास, धैर्य आणि शत्रूवर प्रीती. प्रत्येकाला दोन-दोन वचनांचा आधार. शेवटी माझा आवाज भरून आला आणि मला स्वतःलाच तो फार परिणामकारक वाटला.

उपासना संपली. मी दारात उभा राहून सगळ्यांचे सलाम घेत होतो. मावशी आली, सलाम केला आणि तिथेच थांबली.

"पाळकसाहेब, एक इचारू?"

"विचारा की मावशी."

"त्याच्या मळ्यात काय पिके?"

मला प्रश्नच कळला नाही. "कोणाच्या?"

"त्या मानसाच्या. तुमी सांगतलं ना आता. मळा होता म्हने. मंग वांगे होते का भेंड्या? का नुसता पालाच होता?"

"पुस्तकात तसं दिलेलं नाही मावशी."

"नाई देल्लं?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "अन् शिपाई जेवले ते काय जेवले?"

"तेही दिलेलं नाही."

"बाप्पा!" ती म्हणाली. "सकाळी मारनाऱ्याले त्यानं रांधून घातलं, अन् काय रांधलं तेच लिहिलं नाई? लिहिनारानं कवा चूल नाई पाह्यली वाटते."

मागच्या रांगेतल्या पोरी फिसकन हसल्या. मी जरा चिडलोच. म्हटलं, "मावशी, महत्त्वाचा आहे तो त्याचा विश्वास. भाजी कोणती होती याला काय महत्त्व?"

मावशी वाद घालणारी नव्हती. "तुमी शिकलेले," म्हणाली आणि गेली. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा थांबली. समुद्राकाठी जमीन खारी असते ना, मग भाजी कशी यायची? पाणी कुठून आणायचा? एकटाच होता की घरात बाई होती? आठवडाभर भाकरी थापताना तिच्या डोक्यात तो माळीच होता. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की ही बाई गोष्टीचा गाभा सोडून साल चघळत बसली आहे. बायको चुलीपुढून म्हणाली, "तुमचे तीन मुद्दे काय होते ते मला आत्ता आठवत नाहीत. माळी मात्र आठवतो."

तिसऱ्या आठवड्यात मावशी घरीच आली आणि ओट्यावर बसली. त्या दिवशी तिने मला जे सांगितलं ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"मी पाच-सहा वर्साची असन. मले गाव आठवत नाई, नाव आठवत नाई, मायचं तोंडबी आठवत नाई. एकच आठवते. दोडक्याचा मांडव होता, अन् माय मले त्याच्या सावलीत बसवे. वरून दोडके लोंबत. बापाच्या हाताले सांबाराचा वास ये." सांबार म्हणजे वऱ्हाडात कोथिंबीर. "म्हनून मले वाटते, मी माळ्याचीच पोरगी असन. बाकी कोनाले ठावं?"

मग ती म्हणाली, "चर्चच्या मांगं जागा पडली हाय. मी तिथं भाजी लावू का?"

"लावा की. पण कशाला मावशी? या वयात?"

"कायले म्हनजे? त्या मानसाचं आपन आयकलं. आता आयकून काय करावं? तो मेला तसं मरनं काई माया हातात नाई. भाजी लावनं हाय."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिच्या बोलण्यातलं काहीच कळलं नव्हतं. बाईला विरंगुळा होईल एवढंच वाटलं.

पुढच्याच सोमवारी मावशी बोर्डिंगचं दुपारचं काम उरकून कुदळ घेऊन आली. जमीन दगडासारखी. पहिल्या दिवशी तिने चटईएवढा तुकडा खणला. दुसऱ्या दिवशी बोर्डिंगच्या मोठ्या पोरी मदतीला आल्या. तिसऱ्या दिवशी बायको पदर खोचून गेली, मग मला घरात बसून पुस्तक वाचायची लाज वाटली आणि मीही कोट काढून गेलो. पंधरा दिवसांत माझ्या हाताला फोड येऊन फुटून बरेही झाले.

जागेच्या पलीकडे काट्यांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे एका माळ्याचा मळा. तो माणूस साठीचा, उघडा, कमरेला पंचा, डोक्याला मळकं मुंडासं. मोट हाकताना तो आमच्याकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही. आम्ही धने पेरले. बारा दिवस झाले, काही उगवेना. तेराव्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"काय पेरलं वं बाई?" कुंपणावरून त्याने विचारलं.

"धने," मावशी म्हणाली.

"सबुत पेरले का?"

"हो. मंग?"

तो कपाळाला हात लावून हसायला लागला. "अवं, धने रगडून पेरा लागतात! डाळ झाली पाह्यजे त्याची. तुले कोनी सांगतलं नाई काय?"

"सांगनारे दुस्काळात गेले," मावशी शांतपणे म्हणाली.

त्याचं हसू थांबलं. तो कुंपणाची फट वाकवून आत आला आणि मातीत बसला. वाफा कसा बांधायचा, बी किती खोल टाकायचं, वांग्याचं रोप कोणत्या वेळी लावायचं, हे त्याने त्या संध्याकाळी दाखवलं, आणि त्यानंतर रोज दाखवत राहिला. वांग्याची रोपं त्याच्याच वाफ्यातली. आमच्या पिण्याच्या विहिरीचं पाणी एवढ्याला पुरणार नव्हतं, म्हणून त्याने आपल्या पाटाला एक फाटा काढून तो कुंपणाखालून आमच्या बाजूला सोडला. दुपारनंतरची मोट आमची. गावात काही लोकांनी त्याला विचारलं, तू त्यांना पाणी कसं देतोस? तो म्हणाला, "मी कोठी देतो? पानी उताराकडे जाते."

मावशीने त्याला आमच्या संताची गोष्ट सांगितली. माझे तीनही मुद्दे गाळून. त्याने वाफ्याच्या कडेला उकिडवं बसून सगळी ऐकली.

"चांगला मानूस होता," तो म्हणाला. "आमच्यातबी एक माळी संत होऊन गेला. मळा सोडून कोठी गेला नाई, देवच त्याच्याकडे आला म्हनतात." मग थोडा विचार करून त्याने विचारलं, "याच्या मळ्यात काय पिके?"

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी बघायच्या निमित्ताने पाटाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेलो.

कंपौंडरांना हे सगळं पहिल्यापासून पसंत नव्हतं. मंडळीच्या सभेत ते उभे राहिले. "संतांच्या गोष्टी रोमन कॅथलिक लोकांना लखलाभ. आपला विश्वास वचनावर आहे. आणि दुसरं असं, मिशनने आपल्याला माणसात आणलं ते काय पुन्हा कुदळ हाती घ्यायला? पोरींनी वाचायचं की खणायचं?" मी उत्तर दिलं, त्यांनी प्रत्युत्तर दिलं, आवाज चढले. शेवटी त्यांनी सांगितलं की ते मोठ्या साहेबांना लिहिणार. मोठे साहेब म्हणजे आमच्या भागाचे मिशनरी अधिकारी, अकोल्याला राहणारे. त्यांच्या एका ओळीवर माझी बदली होऊ शकत होती. कंपौंडरांनी खरंच लिहिलं. पत्र टाकायला जाताना ते माझ्या घरावरून गेले आणि मला पत्र दिसेल असं धरलं.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागलो. प्रार्थनेत मी शत्रूंसाठी देवाची विनवणी करायचो, पण कोणाचं नाव मनात आहे ते सगळ्यांना कळावं अशा सुरात.

नाताळाला आमच्या मळ्यातली मेथी, पालक आणि मुळे आले. चौदा घरांत जुडी-जुडी गेली. वाटेवरून जाणाऱ्याने मागितलं तर मावशी त्यालाही द्यायची. बाजाराच्या दिवशी तर ती कुंपणाच्या फाटकाशी टोपली घेऊनच बसायची. आमच्या हातचं शिजवलेलं ज्यांना चालत नव्हतं, त्यांना कच्ची भाजी चालायची. ते हसत न्यायचे.

पौषात वांगी लागली. काळी, चकचकीत, देठाला काटे. एका सकाळी मी मळ्यात गेलो तर मावशी एका टोपलीत निवडून निवडून वांगी भरत होती. सगळ्यात चांगली, एकसारखी. वर सांबाराची जुडी ठेवली.

"ही कोणाला?"

"कंपौंडरसायेबाले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "त्यांना? आजच?"

"दर हप्त्याले देतो. मेथी होती तवा मेथी, मुळे होते तवा मुळे. पोरगी नेऊन देते."

"मावशी," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला होता हे मला आठवतं, "तो माणूस आपल्याविरुद्ध पत्रं लिहितोय. हा मळा बंद करायला निघालाय. मला इथून काढायला निघालाय. आणि तुम्ही त्याला निवडून वांगी देता?"

तिने टोपली खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, एखाद्या पोरीने भाकरी जाळली तर ती बघायची तसं.

"तुमीच सांगतलं ना?"

"काय सांगितलं?"

"त्या मानसाची गोस्ट. शिपाई आले, त्यायले त्यानं जेऊ घातलं."

"हो, पण..."

"मले पहिल्यांदा वाटलं, लय मोठं काम केलं त्यानं. मंग भाजी लावता लावता समजलं. त्यानं शिपायायसाठी अलग काईच नाई केलं. रोज जो येईन त्याले तो घालेच. त्या दिवशी शिपाई आले, त्यायलेबी घातलं. सवयच होती त्याले." तिने टोपली पुन्हा उचलली. "मी बी सवय लावून राह्यली. उद्या कोनी मोठा दुश्मन आला तर एकदम कसं जमन?"

मी तिथेच बांधावर बसलो. सेमिनरीत तीन वर्षं आणि उपदेशात तीन मुद्दे. मी सगळा भर त्या शेवटच्या सकाळी दिला होता, तलवारीपुढे वाकलेल्या मानेवर. त्याआधीच्या हजार संध्याकाळी मला दिसल्याच नव्हत्या. आपल्यावर कधी तसा प्रसंग येणार नाही, म्हणून त्या विश्वासाचं कौतुक करायचं आणि घरी जाऊन जेवायचं, एवढंच मी मंडळीला शिकवलं होतं. आणि ही बाई, जिला अक्षर येत नव्हतं, ती गोष्ट जशीच्या तशी उचलून रोजच्या कामाला लावून मोकळी झाली होती. मला लाज वाटली, पण त्याच वेळी हसूही आलं, आणि ते थांबेना. मावशीला वाटलं, मला ऊन लागलं.

"आणा ती टोपली," मी म्हटलं. "मीच नेऊन देतो."

मी दवाखान्यात गेलो. कंपौंडर बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते. मी टोपली टेबलावर ठेवली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस टोपली पोरीच्या हातून घरी यायची, ती त्यांची बायको आत घ्यायची आणि ते न पाहिल्यासारखं करायचे. आता पाळक स्वतः घेऊन आलेला. ते तांबडे झाले. "मी काही मागितलेली नाहीत," म्हणाले.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "माझं वागणं तुमच्याशी बरं नव्हतं. त्याबद्दल माफी मागायला आलो." आणि ते काही बोलायच्या आत निघालो.

दुसऱ्या दिवशी कोट, टोपी, हातात तीच टोपली घेऊन कंपौंडर मळ्यात आले. मावशी निंदत होती. त्यांनी टोपलीतलं एक वांग्याचं पान तिच्यापुढे धरलं, जे देठाबरोबर आलं होतं.

"हे काय आहे?" ते गरजले.

"पान हाय."

"पानाच्या मागे पाहा! मावा पडलाय. आठ दिवसांत सगळी झाडं जातील. इथे कोणाला काही समजतं की नाही?"

आम्ही सगळे पानं उलटी करून बघू लागलो. खरंच, बारीक हिरवट किडे चिकटले होते. शेजारचा माळी कुंपणावरून म्हणाला, "राख मारा." कंपौंडर त्याच्याकडे वळले. "राखेने काय होतं? तंबाखूचा काढा लागतो. आणि साबण. प्रमाणात!" 'प्रमाणात' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की माळीसुद्धा दबला.

त्यांनी दवाखान्याच्या मोठ्या पातेल्यात तंबाखू उकळली. अख्ख्या आवारात इतका वास पसरला की रांगेतले रोगी खोकत बाहेर आले. काढा गाळला, साबण विरघळवला, आणि औषध मोजायच्या पेल्याने मोजून बादलीत पाणी घातलं. पिचकारी नव्हती, म्हणून कडुनिंबाच्या डहाळ्यांनी शिंपडायचं ठरलं. पोरींची शिंपडण्याची पद्धत त्यांना पटेना. शेवटी त्यांनी कोट काढला, घडी करून कुंपणावर ठेवला आणि स्वतः वाफ्यात उतरले. मी त्यांना बिनकोटाचं पहिल्यांदाच पाहत होतो. खांदे अगदी लहान होते त्यांचे.

ओळीच्या शेवटी ते माझ्याजवळ येऊन थांबले. धोतर चिखलाने भरलं होतं. कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "माझा बाप दुष्काळाच्या कामावर खडी फोडता फोडता मेला. मी त्याच्याजवळच बसलेलो होतो. तेव्हाच ठरवलं होतं, या हातांना माती लागू द्यायची नाही." त्यांनी हात पुढे केले आणि उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "आठ दिवस कोणी वांगं तोडायचं नाही. विष आहे ते. सगळ्यांना सांगा." आणि दुसरी ओळ धरली.

मावा गेला. कंपौंडर मात्र गेले नाहीत. सकाळी दवाखाना उघडण्याआधी ते मळ्यात एक चक्कर मारू लागले. रोग्याची जीभ तपासावी तशी प्रत्येक झाडाची पानं तपासत. वहीत नोंदी करत. मावशीला त्यांचा इतका त्रास झाला की ती मला म्हणाली, "हा दुश्मन होता तवा बरा होता."

माघात मोठे साहेब दौऱ्यावर आले. मेडशीजवळ त्यांच्या मोटारीचं चाक बसलं होतं, म्हणून ते उशिरा, धुळीने माखून, एका कापसाच्या गाडीत बसून पोचले. मावशीने विचारपूस न करता त्यांच्यापुढे गरम भाकर, वांग्याचं भरीत आणि भेदऱ्यांची चटणी ठेवली. भेदरं म्हणजे टोमॅटो. ते आम्ही हौसेने लावले होते. साहेब पोटभर जेवले. मी भिंतीला टेकून उभा होतो.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून दोन पत्रं काढली आणि कंपौंडरांना बोलावलं. साहेबांची मराठी पुस्तकी होती, पण स्वच्छ.

"हे पत्र आपले आहे काय? यात आपण म्हणता की पाळक संतांची भक्ती शिकवितात आणि मंडळीस शेतमजूर करितात. मळा तत्काळ बंद करावा."

"होय साहेब," कंपौंडर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि हे दुसरे पत्रही आपलेच आहे. गेल्या आठवड्याचे. यात आपण म्हणता की मळ्यास एक पितळी पिचकारी आणि कोबीचे चांगले बी तातडीने पाठवावे." साहेबांनी दोन्ही पत्रं शेजारी-शेजारी धरली. "मी यांपैकी कोणत्या पत्राचे ऐकू?"

कंपौंडरांनी दोन्ही पत्रं निरखून पाहिली. मग म्हणाले, "संतांविषयी माझं मत तेच आहे साहेब. पण पिचकारी हवी."

साहेब हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. मग त्यांनी मावशीकडे वळून विचारलं, "बाई, या संतापासून आपण काय शिकला?"

मावशीने पदराला हात पुसले. "सायेब, तो लोकायले जेवाले दे. आमी बी देऊन राह्यलो. त्याच्यावर पुढं जे आलं, ते अजून आमच्यावर आलं नाई. येईन तवा पाहू."

साहेब आता मात्र मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. जाताना मला एवढंच म्हणाले, "मी तीस वर्षे उपदेश करीत आहे. हे उत्तर मला देता आले नसते." माझी बदली झाली नाही. पिचकारी पंधरा दिवसांत आली, आणि कंपौंडर तिला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

फाल्गुनात हंगामाचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा दिवस, करायचं ठरलं. दरवर्षी तो रविवारी, चर्चमध्ये व्हायचा. मावशी म्हणाली, रविवारी रस्त्यावर कोण असतं? बाजाराच्या दिवशी करा. कंपौंडरांनी विरोध केला, मग वेळापत्रक त्यांनीच आखलं. सकाळी प्रार्थना झाली आणि नंतर फाटकासमोरच्या आंब्याखाली तीन चुली पेटल्या. वांगी, चवळी, मुळ्याची कोशिंबीर, भाकरीच्या चळती. बाजाराला जाणारी-येणारी माणसं थबकू लागली. इंझोरीकडचे दोन गाडीवान बैल सोडून आले.

"कोनाचं लगन हाय वं माय?" एकाने विचारलं.

"कोनाचंच नाई," मावशी म्हणाली. "बसा."

काहींनी कोणाच्या हातचं ते विचारलं आणि कच्ची वांगी बांधून घेतली. बरेच बसले. शेजारचा माळी आला, क्षणभर घुटमळला, मग पाटाच्या पलीकडे आपल्या बांधावर जाऊन मांडी घालून बसला. "मायं ताट इकडे द्या," तो ओरडला. "मी माया जागेवर बसतो, तुमी तुमच्या. वांगं तं माया रोपाचंच हाय, त्याले कोन बाटवते?" कंपौंडरांनी स्वतः पाट ओलांडून त्याला वाढलं आणि वाढता वाढता त्याच्या मिरच्यांवर कोणता रोग आहे ते सांगितलं.

आम्ही वाढत राहिलो. लोक येत राहिले. पोरी नाचत, धावत भाकरी पोचवत होत्या. मावशीच्या तोंडावर इतकी काजळी होती की फक्त दात दिसत होते. चार वाजता मी पातेल्यात डोकावलो तर तळ स्वच्छ. आमच्यापैकी कोणीही जेवलं नव्हतं. बायकोने कुठूनतरी सात-आठ थंड भाकरी शोधून काढल्या. मिरच्या होत्या, मीठ होतं. आम्ही सगळे, चौदा घरांतले, आंब्याच्या मुळांवर दाटीवाटीने बसलो आणि त्या भाकरी वाटून खाऊ लागलो. मावशीने आपला तुकडा मोडून अर्धा कंपौंडरांच्या हातावर ठेवला. त्यांना मिरची लागली, ठसका बसला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि सगळी मंडळी त्यांच्याकडे बघून हसत सुटली. ते स्वतःसुद्धा हसत होते.